नऊ वाजताची नावं

रेडिओनं मला आधी मेलेली माणसं दिली.
रोज सकाळी नऊला: नाव, गाव, माहेरचं आडनाव,
शवपेटी चर्चमध्ये किती वाजता, फुलं आणू नयेत.
बोट ब्रेलवर, तोंड माइकवर.
अकरा महिन्यांत एकही आडनाव अडखळलं नाही.
"आवाज चांगलाय," मॅनेजर म्हणाला,
"पण मॅचला डोळे लागतात, ग्रोन्या."
म्हटलं, फिन्टनकडे आहेत की दोन.
मला त्याच्या शेजारची खुर्ची द्या.

हर्लिंग म्हणजे अ‍ॅशच्या लाकडाच्या काठ्या,
मुठीत मावेल असा चामडी चेंडू,
आणि सुतारांची, गवळ्यांची, मास्तरांची पोरं
पंधरा विरुद्ध पंधरा, एकमेकांच्या नडग्यांवर.
चेंडू काठीच्या मधोमध बसला की टॉक.
कडेला लागला की नुसतं खरखरतं.
आणि काठीला चीर गेली असेल
तर आवाजच फाटका येतो, हे मी आधी सांगते.
फिन्टन दुर्बीण लावतो, मग म्हणतो,
"हो गं, तुटली."

खेळाडूंच्या यादीवर पाऊस पडतो.
क्लेअरमध्ये पाऊस कुठेही पडतो, कागद बघून पडत नाही.
ठिपके भिजून सपाट होतात,
म्हणून तीसही नावं घरूनच पाठ करून निघते.
सात नंबर म्हणजे मंगळवारी गेलेल्या नोराचा नातू.
आज तो चेंडूवर उशिरा पोचतोय.
का, ते मला ठाऊक आहे.
ते माइकवर सांगायचं नसतं.

जूनमध्ये गर्दी उसळली आणि मी ओरडले, गोल!
फिन्टन नेमका खोकत होता.
चेंडू बाहेर गेला होता.
उसळले ते पाहुणे, सुटकेच्या आनंदानं.
चारेक सेकंद अख्ख्या परगण्यात
नसलेला गोल होता.

त्या संध्याकाळी मॅलकी टूहीचा पहिला फोन.
मग दर रविवारी.
"बाई, दुसऱ्या डावात वारा पाठीवर होता, तोंडावर नाही."
"बाई, ती फ्री अठ्ठावीस यार्डांवरून, चाळीसवरून नव्हे."
कौतुक करणारे पुष्कळ होते,
"आंधळी असून!" म्हणायचे, आणि रेडिओ हळू करायचे.
हा म्हणायचा, चूक आहे.
तो शब्द मात्र त्यानं एकदाही काढला नाही.

त्यानंच सांगितलं:
गोल गर्दीकडून घेऊ नकोस,
गर्दीला कशाचाही आनंद होतो.
गोलकीपरकडून घे.
चेंडू बाहेर गेला तर तो गप्प राहतो,
मागच्या कुंपणात काटे वाजतात, खस्स.
आत गेला तर तो शिवी देतो.

आता मी शिवीची वाट पाहते.
गर्दी माझ्याआधी पोचते. पोचू दे.
एवढ्या एका श्वासाचा मला पगार मिळतो.

मग एका मंगळवारी, नऊ वाजून चार मिनिटांनी
बोटाखाली आलं: टूही, मॅलकी.
बोट मागे गेलं. पुन्हा तेच.
राहत्या घरी, शांतपणे.
शांतपणे, आणि तो!
फुलं आणू नयेत.
वाचलं. थांबले नाही.
त्याच्यानंतर एक ब्रिजिड होती, मग हवामान.

रविवारी शेवटच्या मिनिटाला टॉक,
गर्दी, गर्दी,
मग पोस्टांमधून एक घसघशीत शिवी,
आईवरून, देवावरून, ओल्या गवतावरून.
"गोल," मी म्हटलं.
फिन्टन म्हणाला, हिरवा झेंडा.

मॅच संपली. फोन वाजला नाही.
फिन्टन वायरी गुंडाळत होता.
मी म्हटलं, चौदाव्या मिनिटाला
दहा नंबरला मी अकरा म्हणाले.
आणि दुसऱ्या डावातला वारा
पुन्हा उलटा सांगितला.
"कुणाला सांगतेयस?" तो म्हणाला. "माइक बंद आहे."
माहीत होतं.
तरी शेवटचं वाक्य पूर्ण केलं,
आडनावासकट.