तिसरा अंक

वडशात माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर
नाटक कंपन्यांची ऑफिसं, एकाला एक लागून.
मंडईचा हंगाम. हँडबिलं मी काढते,
आणि परसराम नाकाड्यांच्या कंपनीचा मेल
माझ्याच कॉम्प्युटरवर येतो.

दुपारी तीनला तिसरा अंक आला.
रात्री दहाला चिचटोल्यात पडदा उघडायचा,
आणि माझ्या पडद्यावर उघडलं हे:

à¤®à¤¾à¤¯

असं सतरा पानं.
"पोरी, हा कोन्या देशाचा नाटक?" परसरामजी म्हणाले,
आणि खुर्ची नसलेल्या जागी बसायला गेले.

मी सगळे करतात तेच केलं. फॉन्ट बदलला.
एक, दोन, सात बदलले.
फॉन्ट म्हणजे कपडेपट.
राजाचा अंगरखा घाला नाहीतर पाटलाचा फेटा,
आतला नट तोच, बरळणारा.

तेव्हा लखाराम बुरडकर पुढे सरकले,
चाळीस वर्षं विंगेत बसून
दुसऱ्यांचे शब्द हळूच देणारे.
चष्मा कपाळावरून खाली. कानावरची पेन्सिल हातात.
"पाय वो, हा टोपीवाला à दर खेपेला येते.
मांगून हा ¤, चार पायाचा किडा.
हे दोघं मशालवाले.
नट तिसरा."

मग आम्ही नट ओळखत बसलो.
® म्हणजे म.
काना म्हणजे ¾, पाऊण;
पूर्ण काना काही मिळेना कुठं.
पहिली वेलांटी, उलटं टांगलेलं प्रश्नचिन्ह.
र म्हणजे °, मे महिन्यात आमच्याकडे
शेहेचाळीसच्या डोक्यावर बसतो तो.
ण म्हणजे £.
"आपल्या बोलीत ण नाहीच," लखाराम म्हणाले,
"म्हून पौंड बी नाही."

माय.
पहिला शब्द माय निघाला.
परसरामजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

सतरा पानं पेन्सिलनं होणार नव्हती.
पण आता कळलं होतं की मजकूर शाबूत आहे,
वाचणारा चुकतोय;
तीन बाइटचं एक अक्षर आहे
आणि हा जुना प्रोग्राम
तीन वेगळी माणसं समजून हजेरी घेतोय.
व्ह्यू. एन्कोडिंग. 'पाश्चिमात्य'वर टिक.
यादीत खाली, खूप खाली, युनिकोड, यूटीएफ-आठ.
दाबलं.

धानाच्या बांधीत पाणी सोडावं
तशी पानं भरत गेली.
हिरकन्या मडावी उभ्यानंच वाचू लागली,
ओठ हलवत, हातातला चहा विसरून.
शेवटच्या पानावर थांबली.
मुलगा एसटीत चढतो, माय खाली उभी, आणि म्हणते:

??? ??

मी एन्कोडिंग बदलून पाहिलं. जुनं, नवं, जपानी सुद्धा.
प्रश्नचिन्हं हलली नाहीत.
ती ओळ गहाण्यांनी मागून घातली असेल,
कुणाच्या तरी जुन्या मशीनवर;
तिथंच अक्षरं पुसली गेली
आणि प्रश्नचिन्हं खरीच होऊन बसली.
à¤ ला औषध आहे. ह्याला नाही.
गहाण्यांचा फोन 'क्षेत्राबाहेर'.

"तीन, मंग खाली जागा, मंग दोन," लखाराम मोजून म्हणाले.
"माफ कर. म, काना, फ. क, र. बसते."
"परत ये," हिरकन्या म्हणाली. "हे बी बसते."
मी बोटं मोजली. नको रे. तेही बसत होतं.

टेम्पो सुटला. मी दुकान बंद करून मागं चढले.

चिचटोल्यात पहाटे साडेतीनला ती ओळ आली.
विंगेत लखाराम वही मिटून बसले होते,
आयुष्यात पहिल्यांदा.
हिरकन्या काहीच बोलली नाही.
तीन श्वास. जरा जागा. दोन.
माझ्या पुढची एक बाई पदर तोंडाशी धरून
स्वतःशीच काहीतरी पुटपुटली.
काय ते मला ऐकू आलं नाही.

चौथ्या प्रयोगाला गहाणे आले, मागं उभे राहिले.
मी विचारलं, तिथं काय होतं जी?
ते बराच वेळ स्टेजकडे बघत राहिले.
"राहू दे तसाच," म्हणाले.
"आनि तुया तो प्रोग्राम मात्र बदल."