येथून कापा

पिठाच्या गिरणीत सगळंच पांढरं होतं,
माझ्या भुवया, विजेचं मीटर,
पाटीवरचं 'उधारी बंद'.
काळा राहिला तो फक्त अस्वलनाथ,
पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्याखाली,
चाळीस वर्षं.

अंक सतरावा. किंमत दीड रुपया.
मी अकोटच्या स्टँडवर रद्दीवाल्या हुसेनभाईंकडून
आठ आण्याला घेतला,
कारण मागच्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.
डाग अजून आहे.
डॉक्टरांनी काल त्यावर फूटपट्टी ठेवली.

डॉक्टर नाशिकचे. दातांचे.
पांढरे हातमोजे घालून दळणाच्या डब्यावर बसले,
चहा नको म्हणाले, अंक हातात असताना चहा नको.
म्हणाले, तुम्हाला कल्पना आहे का,
तुमच्याकडे काय आहे?

मला कशाला कल्पना लागते?
अस्वलीच्या दुधावर वाढलेला,
नरनाळ्याच्या मागच्या रानात राहणारा,
खोटं बोलणाऱ्याची सावली काढून घेणारा
आणि मोहाच्या झाडाला टांगून ठेवणारा.
आमच्या वर्गातला सुभान्या ताथोड
महिनाभर भर उन्हात चालत नव्हता.
आणि तोंडावर कायम तो केसाळ मुखवटा.
सोळा अंक. एकदाही काढला नाही.

सतराव्यात काढतो. शेवटच्या चौकटीत.
त्याच पानाच्या मागे कूपन आहे:
कापा, भरा, तीन रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा,
अस्वलनाथाचा मुखवटा घरपोच.

पोट्ट्यांनी कापलं. गावोगावच्या.
मुखवटा आला, पुठ्ठ्याचा, तीन दिवसांत रबर तुटलं,
आणि चेहरा गेला पाकिटात बसून
नागपूरच्या छापखान्यात, पाठमोरा.
डॉक्टर म्हणाले, चौदा प्रती माहीत आहेत.
चौदाही प्रतींत चेहऱ्याच्या जागी खिडकी.
माझ्या प्रतीत, म्हणाले, त्यातून माझंच बोट दिसतं.

आमच्या घरी बाबा म्हणाले होते,
"तीन रुपये? मुखोट्याले?
हाय ते थोबाड काय वाईट हाय तुयं?"

म्हणून हा अंक अखंड.

मी पान उलटायला गेलो, तर डॉक्टरांनी हात धरला.
"नका. दाखवू नका."
बॅगेतून प्लास्टिकचं पाकीट काढलं,
ऐंशी हजार म्हणाले.
मी म्हटलं, पाहाचंच नाही तं घेता कायले?
ते बराच वेळ जात्याच्या पट्ट्याकडे बघत बसले.
"शाळेत होतो तेव्हा तो माझ्या मामांसारखा दिसायचा.
कॉलेजात वेगळा. लग्नानंतर आणखी वेगळा.
हल्ली रोज रात्री एक नवीन.
पाहिला की एकच उरेल."
सकाळी येतो म्हणाले, आणि लॉजवर गेले.
जाताना बाह्या झटकल्या नाहीत,
हे मला आवडलं.

मी पाहिलाय. पाठ आहे मला.
छापताना लाल रंग सरकलाय,
ओठ गालावर, नाक दोन,
एक डोळा परतवाड्याकडे, एक बुऱ्हाणपूरकडे,
आणि हसतोय.
अकरा वर्षांचा होतो, मला वाटलं
देवाचं तोंड असंच असणार,
आखलेल्या रेघेत न मावणारं.
अजूनही कुणी मला चूक आहे म्हणालं
तर त्याचं दळण मी जाडंभरडं काढतो.

रात्री गिरणी बंद केली. कान वाजत होते.
पेटीवर अंक ठेवला आणि बॉलपेन घेतलं.
नाव: गुणवंत शामराव रेचे.
मुक्काम: हिवरखेड रोड, पिठाची गिरणी.
तालुका: अकोट.
वय:
इथे लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात लिहिलं, अकरा.

आता ऐंशी हजारांचे किती राहिले, डॉक्टर जाणे.
कूपनाच्या कडेला ठिपक्यांची रेघ आहे,
तिच्या टोकाला छापलेली एक इवली कात्री.
चाळीस वर्षं तिचं तोंड उघडंच आहे,
दातांच्या डॉक्टरसमोर बसावं तसं.