तांब्याचं माप

उंड्रीच्या ह्या रोहाऊसबरोबर बिल्डरने
चावी दिली आणि एक हिरवा चौकोन.
मेक्सिकन लॉन, नऊशे चौरस फूट.
ते रोज प्यायचं.

फाल्गुन लागला की टँकर.
हिशेब मी ठेवायचे, दुधाच्या कार्डासारखा, फ्रिजवर:
मंगळ, शुक्र, पाहुणे असले तर रविवारही.
अख्तरचा टँकर गळत यायचा, गळत जायचा,
मागे डांबरावर ओली रेघ,
तिच्यावर साळुंक्या उतरायच्या.
लॉनवर कधी उतरल्या नाहीत.

बोअरही मारून पाहिला.
पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता,
पण साडेपाचशे फुटांवर नुसतं राखाडी पीठ उडालं
आणि दोन दिवस वाळत घातलेल्या चादरींवर बसलं.

ह्या चैत्रात मी कुदळ आणवली.
गवत चटईसारखं गुंडाळलं गेलं.
खाली चार बोटं तांबडी माती, विकतची,
तिच्याखाली मुरूम,
जुन्या घरमालकासारखा,
इतकी वर्षं भाडं न मागता पडून राहिलेला.

सासवड रस्त्याच्या नर्सरीत हौसाबाई म्हणाली,
उन्हातलं रोप घ्या ताई, सावलीतलं लाडावलेलं असतं.
तरवड मागितला तर हसली.
म्हणे, रानात फुकट येतो की हा, पैसे कसले घेऊ?
शेवटी तीन रोपांचे तीस घेतले, पिशवीचे म्हणून.

तरवड, कोरांटी, भिंतीकडेला घायपात,
कोपऱ्यात पांढरा चाफा, अजून काठीच,
मोरीच्या पाण्याच्या वाटेवर वाळा.
मधे खडी, आणि पाया खणताना निघालेले
काळे धोंडे, जे आम्ही लाजून मागच्या बाजूला लपवले होते.
प्रत्येक मुळाशी एक कच्चं मडकं गाडलं,
तोंडावर पणती उपडी.

गुजरबाई सोसायटीचा नियम घेऊन आल्या:
दर्शनी भागात एकसारखी हिरवळ असावी.
धोंड्यावर बसून त्यांनी तो वाचून दाखवला.
धोंडा गार होता. चहा होईपर्यंत बसल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात नव्हती.
जयवंतची संध्याकाळ.

सोळा वर्षं, हडपसरच्या टूलरूममधून आला की
पँट दुमडायची, पाइप घ्यायचा,
तोंडाशी अंगठा धरून पाण्याचा पंखा करायचा
आणि चाळीस मिनिटं कुणाशी बोलायचं नाही.
मला वाटायचं, तो गवताला पाणी घालतोय.

खडी पडली त्या दिवशी त्याने खुंटीवरून पाइप काढला,
अंगणाकडे पाहिलं,
वेटोळं करून परत टांगला.
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात तांब्या दिला.
बारा मडकी, प्रत्येकी दोन तांबे,
आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस नुसतं बघायचं.

वाकावं लागतं. पणती उचलून आत डोकावावं लागतं.
मडकं भरताना आवाज चढत जातो,
तो आता न बघता ओळखतो, कुठे थांबायचं.
आणि बोलतो.
कोरांटीने ह्या वेळी कमी ओढलं, म्हणतो,
चाफ्याला पान फुटेल बघ,
मग असंच, उकिडवा बसल्या बसल्या,
टूलरूम बंद होणार आहे गं, दिवाळीनंतर.
फेब्रुवारीपासून माहीत होतं त्याला.

वैशाखातला मंगळवार.
अख्तरने सवयीने हॉर्न दिला,
मग आठवलं त्याला, जीभ चावली.
तरीही उतरला. फाटकातून तरवडाकडे बघत राहिला,
चार पिवळी फुलं, दुपारची, ताठ.
आमच्या बार्शीला बांधावर असायचा हा, म्हणाला,
तुम्ही मुद्दाम लावला?

मग म्हणाला, साहेब, जरा पाणी मिळेल का प्यायला?
मागे दहा हजार लिटर उभे, थेंब थेंब गळत.
जयवंतने तांब्या विसळला, भरला.
अख्तर वरून प्याला, डोळे मिटून,
आणि उरलेलं फेकायला हात उचलला, तो थांबला.
कुठल्या झाडाला घालू, विचारलं त्याने.