ट्यूबलाइटखाली रंग बघू नये

अक्कलकोट रोडच्या डाइंगखान्यात
बापानं एकतीस वर्षं टॉवेलचे रंग जुळवले.
पार्टीनं धाडलेली चिंधी
उत्तरेच्या खिडकीत धरायचा,
डोळे बारीक करून म्हणायचा,
पिवळा चिमूटभर कमी पडलाय.
ट्यूबलाइटखाली रंग बघू नये, पोरी,
ती सगळ्यांनाच गोरं करते.

मी बघते ते रंग
नखाएवढ्या चिनीमातीवर असतात.

बंदेनवाज गाडी पुरती पिळतो,
चारशे मीटर,
आणि रेषेवरच क्लच दाबून इंजिन मारतो.
मग नुसती चाकं, नुसता वारा.
एकदा ऐटीत फुटफुट करत परत आला
तर प्लगनं फक्त परतीचं सांगितलं.
म्हणून मीच चालत जाते त्याच्यापर्यंत,
पाना, फडकं, भिंग.

टोकाचा रंग सगळेच बघतात,
बिस्किटासारखा दिसला की टाळ्या देतात.
टोक लबाड असतं.
आत, पार बुडाशी,
चिनीमाती लोखंडात उतरते तिथं
धुराचं एक बारीक कडं असतं,
बांगडीच्या आतल्या मळासारखं.
पेट्रोल किती मिळालं ते तिथं कळतं.
आणि वाकड्या पट्टीवर आच जिथवर पोचली ती रेघ:
वाकणावर असेल तर ठीक,
बुडाकडे सरकली तर ठिणगीला घाई झालीय.

नंबर वाढला की प्लग थंड.
कन्ना चौकातल्या यादगिरी चिलवेरीला
(गाडी त्याची, पैसे त्याचे)
हे अजून पचलेलं नाही.
आठ गरम आणि नऊ थंड?
सोलापुरात असं कुठं असतंय का?
थंड म्हणजे आच धरून न ठेवणारा, मी सांगते,
झालं गेलं लगेच सोडून देणारा.
तो माझ्याकडे बघतो. अशी माणसं
त्यालाही फार भेटली नसावीत.

गुरुवारी दुपारी त्रेचाळीस डिग्रीत
जेट बसवला होता.
प्लग बिस्किट, यादगिरी खूश,
वर लस्सी.
शर्यत मात्र रविवारी पहाटे,
अर्धवट बायपासवर.
पहाटेची हवा दाट असते,
दुपारचं पेट्रोल तिला पुरत नाही
हे मला अंगावर शाल ओढतानाच
कळायला हवं होतं.

पहिल्या फेरीनंतर प्लग काढला.
यादगिरीनं मोबाइलची बॅटरी मारली:
हे बघ, बिस्किट!
मी म्हटलं, ऊन येऊ दे.
आमचा नंबर पुकारला. सांगलीवाले हॉर्न वाजवत बसले.
ऊन येऊ दे.
कुणीतरी म्हणालं, बाईला गाडी कळत नाही.
ऊन येऊ दे.

सात मिनिटांनी
बंद गिरणीच्या चिमणीमागून आलं ते,
आणि चिनीमाती पांढरीफटक,
रंगात बुडवण्याआधीच्या टॉवेलसारखी.
भिंगाखाली दोन चंदेरी कण.
पिस्टन आतून
सुटा होऊ लागला होता.

जेट पाचनं मोठा. प्लग नऊचा.
यादगिरी गप्प.
बंदेनवाजनं हेल्मेटच्या आतून
फक्त मान हलवली.

दुसरे आलो. अर्ध्या चाकानं.
तुझ्या उन्हानं घालवली, यादगिरी म्हणाला,
आणि इंजिनवर हात ठेवून
बराच वेळ उभा राहिला.

संध्याकाळी प्लग बापाला दाखवला.
एका डोळ्यात मोतीबिंदू,
पण खुर्ची अजून उत्तरेच्या खिडकीतच.
त्यानं गोल फिरवून बघितला,
नखानं कडं चाचपलं.
बरा आहे, म्हणाला,
खाकी कणभर जास्त चालली असती.
पार्टी कुठली?
बंदेनवाजची, मी म्हटलं.
त्यानं मान डोलावली
आणि प्लग सदऱ्याच्या खिशात टाकला.
जुळलेलं सॅम्पल
परत द्यायचं नसतं.