एनागबेक्री

चिकोडीच्या दवाखान्यात खिडकीमागची बाई
मान वर न करता म्हणाली, "एनागबेक्री निमग?"
कानडीत नातं असंच विचारतात:
ही तुमची काय व्हायला पाहिजे?
आणि मी, चाळिशी गाठलेला, दोन पोरांचा बाप,
सवयीनं बोलून गेलो, "वहिनी."
तिनं लिहिलं, अत्तिगे.
निळ्या शाईत, गोल गोल.

निपाणीला आमच्या घरात चार चुलते.
वहिनी, भाकरी.
वहिनी, पानं भिजली काय विडीची?
वहिनी, माझा सदरा.
मी बोलायला शिकलो ते त्यांच्या मागनं.
कुणी दुरुस्त केलं नाही. तिनंही नाही.

वडलांना घरात दादा म्हणायचो,
पण तंबाखूच्या वखारीबाहेर, पोरांपुढं,
"आमचं म्हातारं".
तेव्हा त्यांचं वय छत्तीस.
इराप्पाची अव्वा कानडीत लाड करायची
आणि शिव्या मराठीत द्यायची.
तवनाप्पाचे वडील सगळ्या गल्लीचेच अण्णा,
त्यामुळं तवनाप्पाला त्यांच्यासाठी
वेगळी हाक अशी उरलीच नव्हती.
तो नुसता जवळ जाऊन उभा राहायचा.

वहिनी दादांना "हे" म्हणायची.
दादा गेले तेव्हा "हे"सुद्धा गेलं.
मग मलाच सांगायची,
"बाळकूचं वडील असतं तर आज..."
जसं काही बाळकू दुसराच कोण तरी,
शेजारच्या गल्लीतला.

गर्भपिशवी काढायची होती तिची.
कागद आतून परत आला.
"अत्तिगे नडियंगिल्ल," डॉक्टर म्हणाले,
सही रक्ताच्या माणसाची लागते.
"मग बेकु."
मराठीत मग म्हणजे पुढं काय.
कानडीत मग म्हणजे मुलगा.
मी म्हणालो, "मग?"
ते म्हणाले, "हां, मग."
असं थोडा वेळ चाललं.
शेवटी मी छातीवर हात ठेवला.

बाईनं अत्तिगेवर रेघ ओढली, वर लिहिलं, तायि.
माझ्याकडं बघितलं पहिल्यांदाच,
चष्म्यावरनं,
खोटी नोट बघावी तसं.

स्ट्रेचर हलायच्या आधी वाटलं,
एकदा म्हणून बघावं.
कोण ऐकतंय?
"आई."
वॉर्डातल्या तिघींनी माना वळवल्या.
एक तर अर्धी उठून बसली,
"काय रं लेकरा?"
ती मात्र छताकडं बघत पडलेली.
पिवळी पडलेली बोटं
चादरीवर हवेतलीच विडी वळत होती.

"वहिनी," मी म्हणालो.

"काय रं," ती म्हणाली.
"जाताना एसटीला सुट्टं पैसे हाईत नव्हं?"