बोटींची वही

बर्फ अजून धक्क्याला चिकटून.
आर्वो म्हणतो, धूर शोधू नकोस,
आधी कुत्रं कान टवकारतं.

मग क्षितिजावर रेघ, रेघेची भिंत,
भिंतीला खिडकी,
खिडकीत कुणीतरी कॉफी ढवळतंय.

भोंगा: एक लांब, दोन आखूड.
डुलुथचा पूल वर जाता जाता तसंच उत्तर देतो.
हजार फूट लोखंड समोरून सरकतं,
हात लांबवला तर गंजाचा पोपडा निघेल.

आणि पाणी गोडं.
माझ्या मालवणी जिभेला हे अजून पटत नाही,
दर वेळी मी ओठ चाटून बघते.

"रिकामी आलीय," आर्वो म्हणतो, "म्हणून एवढी उंच.
भरली की अर्धी बुडते."
वहीत नाव लिहितो, वेळ लिहितो.

मी मागची पानं चाळते:
दोन बोटींच्या मधे माझं नाव,
नोव्हेंबर, तीन वाजून दहा.