चीजवस्तूंची याद, बांदिवडे

फोंड्याहून बैलगाडीनं पोचलो तेव्हा
महालक्ष्मीच्या देवळातला चौघडा नुकता थांबला होता.
बगलेत दौत, खिशात हुकूम:
राजेसाहेब वारले, वारस नाही,
घरातली चीजवस्त आठ दिवसांत नोंदवून पणजीस धाडावी.
कच्ची याद मोडीत, पक्की पाखल्यांच्या भाषेत.

घाटापलीकडचं राज्य जाऊन तीन पिढ्या झाल्या.
इथं दरबार म्हणजे
पडवीपेक्षा थोडी लांब एक खोली
आणि रोज सकाळी तिथं येऊन बसायची सवय.

बोरू बुडवला.
सिंहासन, शिसवी, एक.
पुढचा डावा पाय वाळवीनं खाल्लेला,
खाली चिऱ्याचा तुकडा.
खुर्च्या लिस्बनच्या, बारा. वेत कोरा.
"पाव्हण्यांच्या," कुशावती म्हणाली.
"पाव्हणे आले की खालीच बसायचे.
राजांपुढं खुर्चीत कोण बसंल?"

कुशावतीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
ती पुढं, मी मागं, माझ्यामागं डास.

मकावच्या बशा, निळ्या, सव्वीसपैकी एकोणीस.
राजे जेवायचे केळीच्या पानावर,
बशांत सोलं वाळायची.
काठाला आमसुली डाग बसलाय, घासून जात नाही.
अत्तरदाणी, चांदीची. आत लवंगा आणि एक दुधाचा दात.
कुणाचा ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
दात लिहायला रकाना नव्हता.

तलवार, मूठ सोन्याच्या पाण्याची.
पात्याला खोबरेलाचा वास.
"वैशाखात फणस फोडायला," ती म्हणाली,
"तेल लावलं की चीक धरत नाही."
मग जरा थांबून,
"दसऱ्याला धुऊन पुजायचोसुद्धा."

घड्याळ, लंबकाचं. सव्वादहा.
मी लिहिलं, बंद.
"बंद नाय ते. मी थांबवलंय.
टोले पडले की राजांची झोप मोडायची.
रात्री धरून ठेवायची, सकाळी सोडायची."
वेळ कुठून लावायचीस?
"पोफळीची सावली विहिरीच्या काठाला लागली की आठ."
म्हणजे इतकी वर्षं अख्खा दरबार
हिच्या विहिरीवर चालत होता.
मग आता का नाही सोडलंस?
ती माझ्याकडं अशी बघत राहिली
की मला शाईत पाणी घालावं लागलं.

मच्छरदाणी, एक.
जाळी जवळजवळ नाहीच, रफूच रफू,
पांढऱ्या दोऱ्याचं, पिवळ्याचं,
आणि एका कोपऱ्यात लाल, लुगड्याच्या काठातून उसवलेल्या दोऱ्याचं.
मोजायला बसलो. एकशे चौदावर दिवा फडफडला, सोडून दिलं.

गोठा. गाय काबरी, एक. वासरू नाही.
तिथंच तिनं विचारलं,
"मला कुठं लिहिता?"

थट्टा वाटली. नव्हती.
आजी पालखीमागून घाट उतरून चालत आली.
आई इथल्या विहिरीवर वाढली.
पगार म्हणून कधी काही ठरलंच नव्हतं,
दिवाळीला लुगडं, आजारात काढा.
लाकूडसामान, धातू, कापड, जनावरं:
चार रकाने मी उलटसुलट पाहिले.
"माणसं लिलावात नसतात," मी म्हणालो.
"मग मी जायचं कुठं?"
गाय रवंथ करत होती.
मी, पुंडलीक लवंदे, सरकारी कारकून, सव्वीस वर्षांचा,
मला त्या संध्याकाळी एवढंच सुचलं
की मच्छरदाणीपुढं लिहावं: जीर्ण, मोल नाही, टाकून द्यावी.
आणि ती घडी करून तिच्या हातात दिली.

जाताना तिनं जुडगा मोजून दिला. एकवीस.
कुलपं वीस.
ही बारकी कशाची?
"आजीलासुद्धा ठाऊक नव्हतं.
घाटावरच्या कुठल्यातरी दाराची असंल.
दार असलं तर."

यादीत मी वीस लिहिल्या.
ती किल्ली तिनं कनवटीला खोचली
आणि गाईला पाणी पाजायला गेली.